शाळेची मुऱ्हाळीण

वाणीनकाकू दारात आल्या आणि त्यांनी पाणी नको म्हटलं, की त्या घरातल्या बाईचं हातातलं काम थांबायचं. आमच्याकडे दारी आलेल्याला पाणी न विचारणं वाईट, आणि विचारलेलं पाणी नाकारणं त्याहून वाईट. भांडण झाल्याशिवाय किंवा सोयरीक मोडल्याशिवाय असं कोणी करत नाही. काकू मात्र भांडणतंटा काही नसताना करायच्या. मे महिन्याचं ऊन, घामाने भिजलेला पदर, कपाळावरचे भस्माचे पट्टे ओघळलेले, ओठ सुकलेले, अशा त्या उंबऱ्याशी उभ्या राहायच्या आणि पुढे आलेला तांब्या हाताने मागे सारायच्या. "आधी पोरगी, मग पाणी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरगी म्हणजे त्या घरातली शाळा सुटलेली, किंवा सुटायच्या बेतात असलेली मुलगी.

आमचं गाव मानवत तालुक्यातलं, डांबरी रस्ता सोडून बरंच आत. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, आणि पावसाळ्यात गावाबाहेर पडायचं म्हणजे चप्पल हातात घ्यायची. वेशीजवळ काकूंचं किराणा दुकान होतं. दुकान खरं तर त्यांच्या मालकांचं, आप्पांचं. पण आप्पा इतके गरीब स्वभावाचे, की गिऱ्हाइकाने साखर मागितली तर "किती?" एवढंच विचारणार. काकू मात्र साखर बांधता बांधता त्याच्या घरी पाहुणे कोण आलेत, म्हातारीचा गुडघा कसा आहे आणि पोरगी आज शाळेत का दिसली नाही, हे सगळं काढून घेणार. गावात वाण्यांची घरं थोडी, त्यामुळे काकूंना स्वतःचं नाव असूनही ते कोणी कधी घेतलं नाही. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की दुकानातून हाक मारली तर मारुतीच्या पारावरचा माणूस ओ द्यायचा. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. एखादं गुपित सांगायच्या तेही सगळ्या गल्लीला कळायचं.

सासुरवाशिणीला सणासाठी माहेरी न्यायला जो येतो, तो मुऱ्हाळी. असं मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, दारात आलं की त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. पाठवलं तर दोन्ही घरांची शोभा होते. काकू पोरींना शाळेत न्यायला दारोदार फिरू लागल्या, तेव्हा पारावरच्या कुणा टवाळाने त्यांना 'शाळेची मुऱ्हाळीण' म्हटलं. काकूंच्या कानावर ते आलं. त्या चिडल्या तर नाहीतच, उलट दुसऱ्या दिवसापासून हातात कुंकवाचा करंडा घेऊन फिरायला लागल्या. आधी आईला कुंकू लावायचं, मग पोरीला, आणि सांगायचं, "मूळ घेऊन आलेय. शाळा बी पोरीचं माहेरच हाय." पारावरची टवाळी तिथेच थांबली, नाव मात्र काकूंना कायमचं चिकटलं.

अशा बाईला गावाने शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष केलं, ते काही तिचे गुण ओळखून नव्हे. गावात दोन गट. ह्याचा माणूस त्याला चालेना, त्याचा ह्याला. पालकांच्या सभेत दुपार टळून गेली, हेडमास्तर कावले, तेव्हा कोणीतरी म्हणालं, वाणीनीला करा, तेल-मीठ दोन्ही गटांना तिच्याच दुकानातून लागतं. शिवाय बाई म्हटल्यावर काय, नाव तिचं राहील आणि सभेला आप्पा येऊन बसतील, असा सगळ्यांचा हिशेब. आमच्याकडे तशी रीतच होती. समितीत निम्म्या बायका हव्यात म्हणून बायकांची नावं घालायची, आणि खुर्च्यांवर त्यांच्या मालकांनी बसायचं. पहिल्या सभेला आप्पा खरोखरच धुतलेली टोपी घालून शाळेत आले. काकू मागोमाग पोचल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी एवढंच विचारलं, "दुकानात कोण हाय?" आप्पा उठले आणि मुकाट्याने दुकानात गेले. ते पुन्हा सभेला आले नाहीत, आणि त्यांना त्याचं फार बरं वाटलं असावं.

बाकीच्या बायांचे मालक मात्र असे सहजासहजी उठणारे नव्हते. त्यांना काकूंनी शाळेच्या ओट्यावर बसवलं, मान दिला, चहा दिला आणि आत येऊ दिलं नाही. आत आलेल्या बाया आपल्या डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसायच्या आणि विचारलं की फक्त मान हलवायच्या. एक-दोन सभा अशाच मुक्या गेल्या. मग काकूंनी सभा उचलून खिचडीच्या खोलीत नेली. प्रत्येकीच्या पुढ्यात एकेक सूप आणि पोरांच्या खिचडीचे तांदूळ. हात तांदूळ निवडायला लागले तशी तोंडं उघडली. कोणी म्हणालं नळाला पाणी येत नाही, कोणी म्हणालं तिसरीच्या वर्गात पत्रा गळतो. हेडमास्तर समितीचे सचिव, म्हणजे लिहिण्याचं काम त्यांचं. ते बिचारे पालथ्या बादलीवर बसून मांडीवर ठराव लिहून घ्यायचे. बसायला बरं नव्हतं, पण असं कामकाज आपल्या नोकरीत आपण पाहिलं नाही, असं पुढे तेच कौतुकाने सांगायचे.

टेबल तिथे नव्हतंच, पण काकूंना अध्यक्षपणाची काहीतरी खूण हवी होती. म्हणून त्या दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन बरोबर आणायच्या. दोघी एकदम बोलायला लागल्या की ते वजन फरशीवर आपटायच्या आणि आपली गप्प बसायची पाळी आली की काखेत धरायच्या. हा मोठेपणाचा सोस त्यांना होता, खोटं कशाला बोलू. शाळेच्या भिंतीवर समितीची नावं ऑइलपेंटने रंगवली, तेव्हा त्या रंगाऱ्याजवळ उभ्या राहिल्या आणि 'अध्यक्ष' हा शब्द जरा मोठा काढायला लावला. त्या भिंतीवरून जाताना त्या मान वळवून आपलं नाव बघायच्या, ते आम्ही पोरी बघायचो आणि हसायचो.

पण त्यांचं पहिलं काम कोणतं म्हणाल, तर पोरींच्या संडासाच्या दाराची कडी. कडी नव्हती म्हणून मोठ्या वर्गातल्या मुली दिवसभर पाणी पीत नसत, आणि दुपारनंतर डोकं दुखतं म्हणून घरी जात. ही गोष्ट आमच्यापैकी कोणी कधी गुरुजींना सांगितली नव्हती. सांगणार कशी? तांदूळ निवडताना कुणाची तरी आई बोलली, आणि संध्याकाळच्या आत काकूंनी सुताराला हाताला धरून आणलं. काम एवढंसं, पण त्या दिवसापासून मी शाळेत पोटभर पाणी प्यायला लागले.

कडी एका दिवसात बसली. आठवी बसवायला मात्र काकूंची कसोटी लागली. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल ओढ्यापलीकडच्या गावात. मुलं सायकलवर जायची. मुली सातवी झाली की घरी बसायच्या, मग कापूस वेचायला जायच्या आणि मग लवकरच त्यांच्या अंगाला हळद लागायची. मी तेव्हा सातवीत होते. माझे वडील हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचे, आई शेतात. धाकटी बहीण पहिलीत. मला भाऊ नाही. सातवीनंतर माझं काय होणार हे घरात कोणी बोलत नव्हतं, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटतच नव्हतं. मला वाटत होतं. रात्री अंथरुणावर पडले की मी आठवीच्या पुस्तकांची मुखपृष्ठं कशी असतील याचा विचार करायचे.

आपल्याच शाळेला आठवीचा वर्ग जोडून मागायचा, हे काकूंनी खिचडीच्या खोलीत ठरवलं. ठराव झाला. ठराव घेऊन हेडमास्तर एकटेच तालुक्याला निघाले, तेव्हा काकूंनी त्यांना थांबवलं. "एकल्यानं मागितलं की गाऱ्हाणं होतंय गुरुजी. समद्यांनी मागितलं की मग त्यो ठराव." मग एक टेम्पो ठरला आणि सातवीच्या मुलींच्या आया त्यात दाटीवाटीने बसून तालुक्याच्या कचेरीत गेल्या. माझी आई त्यात नव्हती. तिची वेचणी बुडाली असती.

कचेरीतले साहेब तरुण होते आणि भले होते. एवढ्या बाया बघून त्यांनी सतरंजी घालून दिली, चहा सांगितला. काकूंनी चहा घेतला नाही. पंखा जोरात फिरत होता, ठरावाचा कागद उडू नये म्हणून त्यांनी पिशवीतून अर्ध्या किलोचं वजन काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणे ठरावापेक्षा त्या वजनाकडेच जास्त बघत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग सरळ सांगितलं, की खोली तुमच्याकडे आहे, शिक्षकाची व्यवस्था करता येईल, पण मुली कुठे आहेत? वर्ग मागायला गाव येतं आणि शाळा उघडल्यावर बाकं रिकामी राहतात, असं त्यांनी पाहिलेलं होतं. जूनमध्ये केंद्रप्रमुख येऊन बघतील, त्या दिवशी वर्गात मुली बसलेल्या दिसल्या तर आठवी तुमची. काकूंना हे एकदम पटलं. माल दाखवल्याशिवाय कोण दाम देतो, असं त्या परतताना टेम्पोत म्हणाल्या.

आणि मग सुरू झालं ते मूळ. सगळा मे महिना काकू उन्हात फिरल्या. टेम्पोत बसून तालुक्याला गेलेल्या बायासुद्धा आपल्या दारात आल्यावर निराळं बोलायला लागल्या होत्या. मागायला जाणं सोपं, पोरगी द्यायची वेळ आली की सासू आडवी यायची, दीर आडवा यायचा, वेचणी आडवी यायची. काकू ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातल्या नव्हत्या. आल्या की कुंकू लावायच्या, कशाला आलेय ते सांगायच्या आणि पाणी न पिता उभ्या राहायच्या. काही घरांनी तासाभरात हो म्हटलं. काही घरांत त्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावं लागलं. उन्हाने त्यांना एकदा भोवळ आली आणि आप्पांनी त्यांना हाताला धरून घरी नेलं, तेव्हा ज्या घरासमोर त्या पडल्या होत्या त्या घरातली म्हातारी स्वतः नातीला घेऊन दुकानात आली.

आमच्या दारात त्या आल्या तेव्हा आई भाकरी थापत होती. मी दाराआड उभी. काकूंनी आईला कुंकू लावलं, मला लावलं, तांब्या मागे सारला. आई पुन्हा चुलीशी जाऊन बसली. माझी आई कमी बोलणारी, पण बोलली की ते बोलणं लागायचं. तव्यावरची भाकरी उलटत, मान वर न करता ती म्हणाली, "काकू, तुमची शिवलीला कुटं हाय?"

शिवलीला ही काकूंची धाकटी मुलगी, माझ्याच वर्गातली. मोठी दोन्ही मुलं शिकून बाहेर पडलेली. शिवलीला हुशार, आणि काकूंचा गंगाखेडचा भाऊ तिचे लाड करणारा. त्याने आठवीसाठी तिला चांगल्या शाळेत प्रवेश घेऊन ठेवला होता आणि सुट्टी लागताच तिला घेऊनही गेला होता. गळ्यात टाय असलेला तिचा नवा गणवेश शिवून आला होता, तो ती जाण्याआधी मला दाखवून गेली होती. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. पण काकूंच्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं.

"तुमची शहरात शिकायलीय," आई म्हणाली, "अन् आमच्या पोरी तुमच्या नव्या वर्गाला बसवायच्या. त्यो वर्ग इतका चांगला हाय, तर तुमच्या पोरीला कामून चांगला न्हाई?"

काकूंचा आवाज जन्मात पहिल्यांदा गेला तो तेव्हा. कुंकवाचा करंडा त्यांनी मिटला आणि त्या निघून गेल्या. मला आईचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही. माझी आठवी आत्ताच दारातून परत गेली, असं मला वाटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तसली ती गोष्ट, असं संध्याकाळी पारावर बोललं गेलं, आणि काकू दोन दिवस दुकानात दिसल्या नाहीत तेव्हा तर ते सगळ्यांना पटलंच.

काकू तेव्हा गंगाखेडला होत्या. तिथे काय झालं ते मला पुढे शिवलीलाने सांगितलं. मुऱ्हाळी म्हणून भाऊ बहिणीच्या दारात जातो, ही रीत. इथे बहीण मूळ घेऊन भावाच्या दारात उभी राहिली, आणि तेही आपल्याच पोरीला न्यायला. भावजयीने पाणी पुढे केलं, काकूंनी ते सख्ख्या भावाच्या घरी नाकारलं. मामा दुखावला. तिचं नुकसान करायलीस, म्हणाला. शिवलीला आत जाऊन दार लावून बसली, मी यायची न्हाई म्हणाली. काकूंनी कोणालाही खोटं सांगितलं नाही. दाराबाहेरून त्या शिवलीलाला म्हणाल्या, "तुझं नुकसान हाय, मला म्हाईत हाय. पर तू एकली न्हाई यायची बाय. तुझ्यामागं समद्या पोरी येत्यात. आन् तू न्हाई आलीस, तर मी कुन्या तोंडानं कुनाच्या दारात उभी राहू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून उतरून त्या घरी गेल्या नाहीत. सरळ आमच्या दारात आल्या. बरोबर शिवलीला, रडून डोळे सुजलेले, हातात कपड्यांची पिशवी. काकूंनी तिला पुढे ढकललं आणि आईला म्हणाल्या, "ही माझी. आता तुझी दे."

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती उठली, माठातून तांब्याभर पाणी काढलं आणि काकूंच्या हातात दिलं. काकू तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि एका दमात सगळं पाणी प्यायल्या. मग आईने दुसरा तांब्या शिवलीलाला दिला. मी अजून दाराआडच होते. आईने हाक मारली, "अर्चे, ये की बाहीर. मूळ आलंय तुला." मला रडू फुटलं, आणि आजही हे लिहिताना फुटतं.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. त्यानंतर काकूंना फार दारांत उभं राहावं लागलं नाही. जूनमध्ये केंद्रप्रमुख आले तेव्हा आठवीच्या खोलीत एका बाकावर तिघी-तिघी दाटून बसलो होतो, आणि खिडकीतून आमच्या आया आत डोकावत होत्या. पहिल्या बाकावर शिवलीला आणि मी. साहेब खरोखरच शब्दाला जागले, वर्ग मिळाला. काकूंनी त्या दिवशी केंद्रप्रमुखांबरोबर दोन कप चहा घेतला आणि तिसराही मागितला.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. विज्ञानाचे शिक्षक यायला दिवाळी उलटली. तोवर हेडमास्तरच शिकवायचे, आणि गंगाखेडच्या शाळेत प्रयोगशाळा कशी होती हे शिवलीला मला रोज ऐकवायची. स्वतःच्या आईशी ती कित्येक महिने धड बोलली नाही. काकूंनी तिची समजूत काढली नाही की स्वतःचा मोठेपणा सांगितला नाही. कोणी विषय काढला तर म्हणायच्या, तिचा राग खरा हाय, तो तिचा तिला असू द्या. शिवलीला आज मानवतला स्वतःचं औषधांचं दुकान चालवते. आवाज थेट काकूंचा, आणि गिऱ्हाइकाच्या घरची चौकशी केल्याशिवाय गोळ्यांचं पाकीट देत नाही. गंगाखेडला राहिले असते तर डॉक्टर झाले असते, असं ती अधूनमधून म्हणते. झालीही असती. पण हे म्हणताना ती आता हसते.

आठवी झाली आणि शिवलीला शाळेतून बाहेर पडली. समितीत पालकच बसू शकतो, आणि ज्याचं मूल शाळेत नाही तो पालक नाही, असा नियम. काकूंना सोडायला गाव तयार नव्हतं. पुतण्याच्या मुलाच्या पालक म्हणून नाव लावू, असंही लोकांनी सुचवलं. काकूंना खुर्ची किती आवडायची हे मला माहीत होतं, भिंतीवरचं ते मोठं 'अध्यक्ष' मला माहीत होतं. पण त्यांनी ऐकलं नाही. ज्याचं लेकरू खिचडी खातंय त्यालाच त्यातला खडा लागतोय, असं त्या म्हणाल्या. मग नवा अध्यक्ष कोण, यावर दोन्ही गट पुन्हा फुरफुरायला लागले, तेव्हा त्यांनी ते वजन फरशीवर आपटलं आणि माझ्या आईकडे बोट दाखवलं. "अध्यक्षाला तोंडावर इचारायची हिंमत गावात हिलाच झाली. हिला करा." धाकटी बहीण शाळेत होती, म्हणून आई त्या वर्षी समितीत आली होतीच. काकूंनी वजन आईच्या सुपात ठेवलं आणि घरी गेल्या. आईने पुढे पोरींसाठीची सरकारी निळी बस गावापर्यंत आणली, त्या बसने आम्ही सगळ्या नववी-दहावीला ओढ्यापलीकडे गेलो. पण तेव्हाही तालुक्याला निघताना ती एकदा दुकानात डोकावायची, आणि काकू आतूनच ओरडायच्या, "टेम्पो भरून जा ग, एकली जाऊ नकोस."

बारावी झाली आणि माझं लग्न झालं, वालूरजवळच्या एका गावात. नर्सिंगला जायचं माझ्या मनात होतं, ते मनातच राहिलं. पहिल्या पंचमीला मला न्यायला चुलतभाऊ येणार होता. दारात उभं कोण, तर वाणीनकाकू. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे पाणी दिलं. मला पुढचं कळलं आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. काकूंनी तांब्या मागे सारला. पंचमीला नेते, म्हणाल्या, अन् पंचमी झाली की हिला नर्सिंगला घालायचं कबूल करा, मग पाणी. सासूबाई बघतच राहिल्या. नवी सून, तिच्या माहेरून आलेली परकी बाई, आणि ही मागणी. काकू सोप्यावर टेकल्या नाहीत, की चेहऱ्यावरचं हसू हलू दिलं नाही. शेवटी सासरे म्हणाले, अगं दे हो म्हणून, बाई तहानेनं मरायची आपल्या दारात. त्यावर सासूबाईंनाच हसू आलं. आज त्या आमच्या गावात सगळ्यांना सांगतात की सुनेला सिस्टर मी केलं. मी ते खोडत नाही, कारण निम्मं ते खरंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा. मी पोचले तेव्हा त्यांना त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवलं होतं, कपाळावर भस्म ताजं, आणि हातात लिंग. एवढा आवाज असलेलं माणूस असं गप्प बसलेलं बघवेना. शाळेचे वर्ग सुरू होते, शाळेला कोणी सुट्टी दिली नाही. दिली असती तर काकू उठून भांडल्या असत्या. मधल्या सुट्टीत मात्र पोरींची रांग आली. काकूंना ओळखणाऱ्या त्यात थोड्याच होत्या, पण आई त्यांना घेऊन आली होती. आता कोणतंही पद नसलेली माझी आई मोठ्याने रडली. मी तिला कधी तसं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या जूनची गोष्ट. माझी मुलगी पहिलीत गेली आणि सासरच्या गावच्या शाळेत मी समितीची अध्यक्ष झाले. आईने वजन पाठवून दिलं. पाचवीतून नाव काढलेली एक मुलगी होती, तिच्या घरी मी दुपारी गेले. काकूंची नक्कल करायची नाही, आपण शिकलेल्या, नीट समजावून सांगायचं, असं ठरवून गेले होते. त्या बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि माझ्या हाताने तो आपोआप मागे सारला.

"आधी पोरगी, मग पाणी," मी म्हणाले.

मला वाटलं, आता दार लागतं. ती म्हणाली, "तुमी त्या वाणीनकाकूच्या गावच्या का?"

तिची मावशी आमच्या गावात दिलेली होती. काकू त्या मावशीच्या दारात पाणी न पिता उभ्या राहिल्या होत्या, ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली. मी हो म्हणाले. काकूंच्या गावची आहे, असं म्हणताना माझी मान जितकी ताठ झाली तितकी ती माझ्या नोकरीनेही कधी झाली नव्हती. तिने घरात वळून हाक मारली, "दप्तर घे ग. मूळ आलंय तुला."

मग तिने तांब्यातलं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं, माठातून नवं भरून आणलं आणि माझ्यापुढे धरलं. मी ते उंबऱ्यावर बसून प्यायले, आणि पोरगी चप्पल शोधत बाहेर आली.